एका रात्रीची पाहुणी

सोमवार, ९ जून

...आणि मी म्हटलं, "ताण जरा, झोळ पडतोय." तो म्हणाला, "घरीसुद्धा हॉटेल?" पण ताणली त्याने चादर. पाणी भरून झालं होतं. दूध उतू गेलं होतं, शेगडी पुसायची राहिली होती. सासूबाई दारातल्या कुंड्यांशी बोलत होत्या. मी त्याचा डबा भरला, बटण तुटलेला शर्ट बाजूला काढला, संध्याकाळी लावते म्हटलं. मग आम्ही दोघांनी मिळून चादर झटकली. त्याच्या बाजूचा कोपरा नेहमीसारखा वाकडा. तो पावाची गाडी घेऊन निघून गेला आणि मी तो कोपरा पुन्हा सरळ केला. संध्याकाळी गाडीला अपघात झाल्याचा निरोप आला, तो आला नाही.

दीड वर्ष झालं. आज हॉटेलात तीनशे सातमध्ये कोपरा दुमडताना अख्खी सकाळ उभी राहिली. तशीच, दुधाच्या वासासकट.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मोठ्या बाईंनी — आमच्या हाउसकीपिंगच्या सगळ्यात वरच्या — जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. तिसऱ्या मजल्याला सुपरवायझर हवी आहे. नावं दोन, माझं आणि रेडिओचं. रेडिओ म्हणजे माझी जोडीदारीण. ट्रॉलीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, आणि तिचं तोंड दिवसभर चालू.

सुपरवायझरची पाळी पक्की असते. दुपारी बारा ते आठ. म्हणजे सकाळ मोकळी. म्हणजे सकाळचं कॉलेज! आमच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात, त्यात कुठलं कॉलेज होणार? प्रवेश महिनाअखेरपर्यंत आहेत.

मोठ्या बाईंना फक्त "बरं" म्हणाले. मग ट्रॉली ढकलत चुकून दोन खोल्या पुढे निघून गेले.

मंगळवार, १० जून

पाय ठणकतायत. आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

गुरुवार, १२ जून

मी वाचायला कशी लागले ते कुणाला सांगितलं तर हसतील. पाहुणे खोलीत वस्तू विसरून जातात. त्या काही महिने कपाटात राहतात, कुणी मागायला आलं नाही तर जिला सापडल्या तिच्या. रेडिओला कानातली मिळतात, छत्र्या मिळतात, एकदा नवाकोरा हेअर ड्रायर मिळाला. मला पुस्तकं. "नशीब असतं एकेकीचं," ती म्हणते. "पुढच्या जन्मी तरी सोनं विसरणाऱ्यांच्या खोल्या घे."

पहिलं पुस्तक महिनाभर पुरलं. अर्धं कळलं नव्हतं. तरी सोडवेना. मग घरी मोठ्याने वाचायला लागले, कारण सासूबाई म्हणाल्या, "तू मनात हसतेस आणि मी भिंतीकडे बघत बसते, हे बरं नाही." आता रोज थोडं वाचते. त्या मध्येच थांबवतात. "ही बाई मूर्ख आहे." मी म्हणते, "आई, अजून गोष्ट सुरू व्हायची आहे." "मला कळलं ते. वाच पुढे."

बारावी बाहेरून दिली ती त्यांच्याच आग्रहाने. निकाल लागला तेव्हा त्याला सांगायला मी आत वळले होते. खोलीत कुणी नव्हतं. अर्थात.

शनिवार, १४ जून

मोठ्या बाईंची एक पद्धत आहे. सुपरवायझर व्हायचं तर आधी एक रात्र पाहुणी व्हायचं. घरचं एक माणूस बरोबर आणायचं, पुढच्या दाराने यायचं, राहायचं, आणि सकाळी काय काय खटकलं ते सांगायचं. "तुम्ही खोली उभ्याने बघता," त्या म्हणतात. "पाहुणा ती आडवा पडून बघतो. छताकडे बघितलंयत कधी?"

रेडिओ काल बहिणीला घेऊन राहिली. आज तोंडाला खीळ नाही! नळ ठिबकतो, उशी उंच आहे, पडद्याच्या फटीतून ऊन थेट डोळ्यावर. "आणि बाई गं, बारापर्यंत लोळले. ओले टॉवेल जमिनीवर फेकून दिले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

ते टॉवेल मीच उचलले. तिला म्हटलंही. ती पोट धरून हसली, मग चूक कळल्यासारखी माझ्या हातातली बादली घेऊन चालू लागली.

सोमवार, १६ जून

या आठवड्यात दुसरी पाळी, दुपारी दोन ते रात्री दहा. ही कुणालाच नको असते. घरी मुलं असतात, संध्याकाळ असते.

दुसऱ्या पाळीत बेड उघडायची फेरी असते. पाहुणे बाहेर गेलेले असतात. आत जायचं, पडदे ओढायचे, उशाचा दिवा लावायचा, पांघरुणाचा कोपरा मागे दुमडायचा. दोघं असतील तर दोन्हीकडून. स्लिपरांचे जोड दोन्ही बाजूंना. काम हलकं आहे, खरं तर सगळ्यात हलकं.

तो गेल्यानंतर कामावर आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी माझी ही फेरी होती. दुसऱ्या खोलीतून बाहेर पडले आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन चादरींच्या ढिगावर बसले. रेडिओ शोधत आली. एकदाच, न बोलता, माझ्या हातातली यादी घेतली. तेव्हापासून माझे बेड ती उघडते आणि तिची बाथरूमं मी घासते. मोठ्या बाईंना माहीत असणारच. त्या विचारत नाहीत.

सुपरवायझर झाले की ही फेरी सुटेल ती सुटेलच. कॉलेजच्या मागे हेही आहे. लिहून टाकलं.

बुधवार, १८ जून

उद्या मी पाहुणी. सासूबाईंना विचारलं, याल का?

"चहा मिळतो का तिथे?"

"मिळतो."

"कुणीतरी करून देतं?"

"हो, आई."

"मग येते."

ठेवणीतले कपडे काढून बसल्यात संध्याकाळपासून. आम्ही दोघी खालीच झोपतो, शेजारी शेजारी. पलंगावर माझी पुस्तकं, घड्या केलेले कपडे, त्यांची शाल. "पलंग आहे की गोदाम!" असं त्या महिन्यातून एकदा म्हणतात आणि स्वतःच त्यावर आणखी काहीतरी ठेवतात.

शुक्रवार, २० जून

नीट लिहिते.

हॉटेलाजवळ आल्यावर पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. सासूबाईंनी दंडाला धरून ओढलं. "पाहुणी आहेस ना आज?" दार उघडणाऱ्याने मला ओळखलं, पण गालातल्या गालात हसून सलाम ठोकला. सासूबाईंनी त्याला आशीर्वाद दिला.

खोली तीनशे बारा. कित्येकदा मीच केलेली! सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिल्या. पडद्याला हात लावला. आरसा बघितला.

"हे सगळं तू करतेस? रोज?"

"हो."

"मग घरी का नाही करत?"

चहा पिऊन त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि लगेच घोरायला लागल्या. दुसरी बाजू रिकामी होती. पांढरी, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. मी पांघरूण काढून खिडकीखाली अंथरलं.

सकाळी काय झालं ते मलाच कळलं नाही. सासूबाई तोंड धुवायला गेल्या आणि माझे हात चालू झाले. चादर ताणली, कोपरे दुमडले, उशा फुगवल्या, आरशावरचे थेंब पुसले, कचऱ्याची पिशवी बांधली. सासूबाईंनी कपबशा विसळून ठेवल्या. "त्या पोरींना कशाला त्रास!" मी म्हटलं, "आई, त्या पोरी म्हणजे मीच." तरी आम्ही दोघी थांबलो नाही.

मोठ्या बाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"इथे रात्री कुणी राहिलं होतं का?"

"मी राहिले," सासूबाई म्हणाल्या. "छान झोप लागली. वर त्या हवेच्या जाळीत काळं काहीतरी लोंबतंय, तेवढं काढा म्हणावं."

मोठ्या बाईंनी वर बघितलं. उशीवर डोकं ठेवलं तरच दिसेल अशा जागी होतं. मग माझ्याकडे बघितलं. "तुला दिसलं?"

मी उशी सरळ करायला लागले.

"तिला कसं दिसेल?" सासूबाई म्हणाल्या. "ती खाली झोपली."

त्यांना कळलंच नाही आपण काय बोललो ते. मोठ्या बाई पलंगाच्या कोपऱ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मावशी, सून तुमची चादर फार सुरेख घालते. पाहुणी होणं मात्र तिला जमत नाही."

दुपारी जिन्यात गाठून सांगितलं. मजला रेडिओला. "राग आला तरी चालेल. पण जी स्वतः पलंगावर पाठ टेकत नाही ती दुसऱ्याची झोप कशी तपासणार?"

राग नाही आला. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

शनिवार, २१ जून

रेडिओ रडली. "मी नको म्हणून सांगू का?"

"वेडी आहेस का? टॉवेल फेकायला तुलाच जमतं."

रडता रडता हसली. नाक माझ्या ओढणीला पुसलं.

घरी आले तर सासूबाईंनी जेवण वाढून ठेवलेलं आणि चेहरा असा, की काहीतरी दिवसभर घोळवलं आहे.

"माझ्या बोलण्याने गेलं ना?"

"नाही आई. जायचंच होतं."

"तू खाली का झोपतेस? माझ्याकडे बघून?"

मी भात कालवत राहिले.

"अगं, तुझे सासरे गेले म्हणून मी खाली झोपते, हे तुला व्रत वाटलं की काय? पलंग एकच होता. तुमचं लग्न झालं, तुम्हाला दिला. जागा नव्हती, दुसरं काही नव्हतं." मग जरा थांबून, "आणि माझ्या मुलाला चादरीचा कोपरा धड धरता येत नव्हता. त्याच्या बाजूचं एवढं काय सांभाळतेस?"

मला हसू आलं. खूप. मग दुसरंच काही आलं. त्यांनाही. ताटं तशीच वाळली.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "कॉलेजचं काय?"

"पक्की पाळी नाही तर कॉलेज नाही."

"सकाळ मोकळी सोडणारी दुसरी कुठलीच पाळी नाही तिथे?"

"आहे. दुपारी दोनची. मागितली तर कायमची देतील, कुणालाच नको असते ती."

"कुणाला म्हणजे?"

"सगळ्यांना."

"मी तुझं विचारतेय."

ताटं घासायला उठले. पण नळ सोडून नुसतीच उभी राहिले, बराच वेळ. त्या आत जाऊन आडव्या झाल्या, खालीच. पाणी वाया जातंय म्हणून ओरडल्या नाहीत. त्यांच्याकडून हे पहिल्यांदाच.

रविवार, २२ जून

मोठ्या बाईंना भेटले. कायमची दुसरी पाळी मागितली. त्या म्हणाल्या, "फेरीसकट?"

मी म्हटलं, "फेरीसकट."

सोमवार, २३ जून

सकाळी कॉलेजात प्रवेश घेतला आणि लगेच वर्गात जाऊन बसले, मागच्या बाकावर. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे सगळे बेड उघडले. दोन्ही बाजूंनी.