वरची खोली कुणाला द्यायची

आई, मी घर घेतलं. राहायला नाही, भाड्यानं द्यायला. कागल एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका बिल्डिंगमधला फ्लॅट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथल्या कारखान्यांत सारखी नवी माणसं कामाला येतात आणि त्यांना घर लागतंच, एवढंच मला कळत होतं. कर्जाचे हप्ते, भाडेकरार, पोलीस पडताळणी हे सगळं विचारत विचारत शिकले. भाडेकरू कसा निवडायचा, हे मात्र कुणालाच नीट सांगता येईना. तेव्हा तू आठवलीस.

बाबा गेल्यावर तू मंगळवार पेठेतल्या आपल्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायला काढलीस. बघायला येणाऱ्याला आधी स्वयंपाकघरात बसवायचीस. मी दाराशी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेली, कान तुमच्याकडे. तू चहा गाळता गाळता सांगतेस, "पावणं, उन्हाळ्यात वर पत्रा लई तापतोय. पाणी सकाळीच येतंय. जिना अरुंद हाय, कपाट चढणार न्हाय." मला वाटायचं, हिला खोली द्यायचीय की माणसं हाकलायचीत? तसं विचारलं तर म्हणालीस, "ऱ्हायला आल्यावर कळणारच की. मग आदीच सांगिटलेलं काय वाईट?"

बँकेतले एक साहेब तयार होते, बायकामुलांसह, भाडंही जास्त देणार होते. तू खोली दिलीस एका नर्सबाईंना. एकट्या, पाळ्यांची नोकरी, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या. समोरच्या काकू तावातावानं आल्या, "कवाबी येणार, कवाबी जाणार. लोक काय म्हंतील?" तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लोकांस्नी खोली द्यायची हाय व्हय मला?" त्या गेल्यावर मी विचारलं, त्यांनाच का दिलीस? "तुला कशाला पायजेत चौकशा? जेव गप." तुझ्या शेवटच्या आजारात त्याच बाई जयसिंगपूरहून येऊन तुझ्या उशाशी राहिल्या. पण हे तुला तेव्हा कुठं ठाऊक होतं? चहा पिताना त्या असं काय बोलल्या? की तूही तेव्हा नुकतीच एकटी झाली होतीस म्हणून? मला अजून कळलेलं नाही.

माझ्याकडे एजंटनं एक जोडपं आणलं. तो एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला, ती घरी शिवणकाम करणारी. मुसलमान. घर बघून ती दोघं खाली उतरली तसा एजंट जिन्यात मला थांबवून म्हणाला, "नाव ऐकलासा न्हवं मॅडम? मी दुसरी पार्टी आणतो." संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन. "फ्लॅट तुमचा हाय ओ, पर बिल्डिंग सगळ्यांची हाय की." मी घाबरले, आई. घर रिकामं पडलं तर हप्ता कुठून भरू? आणि दिलं, नि या लोकांनी त्या दोघांना रोज टोचलं तर?

दुसऱ्या दिवशी मी दोघांना परत बोलावलं. रिकाम्या स्वयंपाकघरात चहा कुठला! उभ्यानंच बोलायला लागले. पश्चिमेची भिंत तापते म्हणतात, लिफ्ट अधूनमधून बंद पडते. मग म्हटलं, "आणि बिल्डिंगमधल्या काहींना तुम्ही इथं यायला नको आहात." तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग तीच म्हणाली, "ते आमाला कळतंच ओ ताई. तोंडावर सांगणारं तुमीच पयलं भेटलासा." आणि लगेच, "दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतनं येतंय? तिथं मशीन ठेवायला बरं पडंल."

मला सांगता येईना. घर विकत घेतलं, पण दुपारी तिथं कधी थांबलेच नव्हते. मग आम्ही तिघं ऊन यायची वाट बघत खोलीभर फिरत राहिलो.

घर त्यांनाच दिलं. अध्यक्ष अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची बायको मात्र ब्लाऊज शिवायला तिच्याकडे टाकते म्हणे.

तू असतीस तर त्यांनाच दिलं असतंस का? बहुतेक दिलं असतंस. पण कारण सांगितलं नसतंस, आणि मलाही ते धड सांगता येत नाही. हे लिहिलेलं टाकायला टपालाची पेटी नाही, घरातल्या कुणाला वाचून दाखवण्यासारखंही नाही. एकच सांगते, हसू नकोस. काल काही काम नसताना मी तिकडे गेले. बंद दारापाशी उभी राहिले. आत कांदा परतल्याचा वास येत होता, ती दोघं कशावर तरी हसत होती. आत घर कसं लावलंय, ते बघायचा फार मोह झाला. बेलपर्यंत बोट नेलं, आणि न दाबताच खाली उतरले.