चिमीच्या उशापासचं फडकं

९ डिसें., मंगळ.
काल सून वरणात मीठ टाकायचं विसरली, अन् म्हणते, सांगा आत्याबाई, मी ध्यानात ठेवीन. ठेवशील! मी सांगते ते लिहून काढ, वंदना. मले अक्षर येत नाही, तुले ध्यान राहत नाही. दोघी मिळून एक शहाणी सासू-सून होते.
चिमी पहाटेपासून बसूनच. आडवी केली की छातीत शिट्टी वाजते. सहा वर्षांची नात, अन् दम माह्यापेक्षा बुढा. डॉक्टर म्हणते, हवेतल्या धुळीनं. कायच्या धुळीनं? तर म्हणे, शहरात असतेच. म्हणजे चोर आपल्या भंडारा शहरातच हाय, फक्त घर सांगत नाही.
माह्यं पांढरं लुगडं फाडलं. धूळ धरायले ओली फडकी टाकली. रस्त्याकडं, गच्चीवर, चुलीपाशी, चिमीच्या उशापाशी.

११ डिसें.
रस्त्याकडचं: माती. बोटावर चिखल होते. गच्चीवरचं: राईस मिलच्या कोंड्याची राख, खरखरीत. साठ वर्षं राखेनं पितळ घासलं, राख कायची ते बोटच सांगते. मिलवाल्याले चार शिव्या सांगितल्या, वंदनानं लिहिल्या नाही.
पण उशापासचं... माती नाही, राख नाही. काळं, चिकट. पाण्यानं जात नाही.

१४, रवि.
संशय माह्यावरच. चूल बंद. थंड्या पाण्यानं आंघोळ, या वयात. उदबत्तीही बंद. देव खोकलत नाही, चिमी खोकलते.
फडकं तसंच काळं.
"आजी, तुह्या छातीत नाही वाजत?"
"वाजते. मी ऐकत नाही."
हसली पोर. हसता हसता खोकला, अन् ओठ निळे. हे गाळू नको, वंदना. राहू दे तसंच.

१७, बुध.
वंदना चिमीले घेऊन माहेरी गेली, आंबागडले. तिथं डोंगर, जंगल. एक फडकं सोबत दिलं, अंगणात टाकजो म्हटलं.
आता लिहून राहिला माह्या पोरगा विलास. चिमीचा बाप. घरामागं त्याची पितळ ओतायची भट्टी, त्याच्या बापापासूनची. तिले कोण चोर म्हणते? तिचंच तर खाल्लं.
दुपारी त्याचा सदरा धुवायले घेतला. बोट फिरवलं. तेच. चिकट, जळक्या तेलाचा वास.
"कोळसा नाही जाळत काय आता?"
"दिवाळीपासून इंजनाचं जुनं तेल. सगळेच जाळतात, माय."
"सगळ्याईची चिमी नसते रे."
लिही, म्हटलं.
"काय लिहू?"
"चिमीच्या उशापासचं काळं माह्या भट्टीचं हाय. माह्या म्हणजे तुह्या."
लिहिलं का नाही, मले काय समजते? पेन चालला, एवढंच दिसलं.

१९, शुक्र.
काल भट्टी थंडी होती. आज सकाळी पेटली. तेलावरच. लग्नाच्या भांड्यांचा शब्द दिला म्हणते, तेवढं होऊ दे, मग पाहू. मग म्हणजे कधी? हेही लिही.
वंदनाचा फोन. चिमी आडवी निजली. कितीक दिवसांनी. "कधी आणू तिले, आत्याबाई?"
आवाज येत नाही, म्हटलं. येत होता.
विलास, हे सगळं तिले फोनवर वाचून दाखव. तुह्यं भट्टीचं वाक्यही. अन् वंदना, तू विसरशील म्हणून ध्यान देऊन ऐक: एसटीवर लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवजो. मीठ टाकून. डबा अंगणातल्या त्या फडक्यात बांधजो, इथल्या काळ्या फडक्याशेजारी ठेवाचं हाय.
फडकं झटकू नको.