एप्रिलचं पहिलं बिल

प्रिय चैत्राली,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, खोटं कशाला बोलू? तू सीएंकडे बदलापूरला गेली आहेस, दोनला परत येशील. तोवर हे लिहून तुझ्या कीबोर्डखाली ठेवते. एकाच कारखान्यात समोरासमोर बसणाऱ्या मोठ्या जावेने धाकटीला पत्र लिहावं, हे ऐकून कुणीही हसेल. हसू दे. तोंडाने सांगायला गेले तर मी "अगं, विसरलेच" म्हणून सारवासारव करीन. मला मी चांगली ठाऊक आहे.

तेवीस वर्षं या खोक्यांच्या कारखान्याची बिलं मी हाताने लिहिली. वरद पोटात होता तेव्हासुद्धा नववा लागेपर्यंत लिहिली. एक एप्रिलला नव्या बिलबुकाला हळदकुंकू लावायचं आणि पहिलं बिल मीच फाडायचं, असा आमचा रिवाज. कुणाचा पत्ता बदलला, कुणाच्या घरी सून आली, कुणाचा म्हातारा गेला, सगळं आधी मला कळायचं, कारण दिवाळीचा फराळ घेऊन उल्हासनगरात गिऱ्हाइकांकडे घरोघर मी फिरायचे. पण तेवीस वर्षांत ह्यांनी माझ्या अक्षराला कधी 'बरं आहे' एवढंही म्हटलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी समजत होते.

मग आपली उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आणि सीए म्हणाले, एप्रिलपासून कंपन्यांना द्यायचं प्रत्येक बिल सरकारच्या पोर्टलवर चढवावं लागेल. तिथून नंबर आला तरच ते बिल, हाताने लिहिलेला नुसता कागद. नुसता कागद! मी तिथेच चहा गाळत होते, कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मिलिंदभावजी लगेच म्हणाले, "आमची चैत्राली करेल की." तुझ्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. महिनाभरात तू सगळं बसवलंस आणि "चैत्रालीला विचारा" हे कारखान्याचं भजनच झालं. टेम्पोवाला सदू, ज्याला अठरा वर्षं मी डब्यातली भाजी वाढली, तो काल दुपारी माझ्यासमोरून जाऊन तुला विचारतो, "मॅडम, बिल झालं का?" मॅडम! काल संध्याकाळी पहिलं बिल छापून आलं, कोपऱ्यात ती ठिपक्यांची चौकट. तो कागद उजेडात धरून हे म्हणाले, "वा चैत्राली, झकास!" आणि जिलबी मागवली. एक तुकडा माझ्याही घशाखाली ढकलला मी. वीस वर्षांनी लहान पोरीवर जळत होते मी, आणि जळताना लाजही वाटत नव्हती.

तू खडूस असतीस तर सोपं गेलं असतं. पण काल बिल करायच्या आधी तू कुंकवाची डबी घेऊन आलीस. "ताई, दरवर्षीसारखं तुम्हीच करा, बटण तुम्ही दाबा," म्हणालीस. मी म्हटलं, "हात ओले आहेत माझे." कोरडे होते. माझी जागा घेऊन वर मलाच मान देतेस, याचाच मला जास्त राग आला.

आता खरं काय ते सांगते. मागच्या आठवड्यात सगळ्या पार्ट्यांची यादी घेऊन तू मला विचारलंस, "ताई, कुणाचं काही बदललंय का?" मी म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरला सगळं कळतं ना? त्यालाच विचार." तू हसलीस. तुला वाटलं, थट्टा केली.

जेठानंदशेठ पापडवाले आपली सगळ्यात मोठी पार्टी. पाडव्याला त्यांचं चेटीचंड, म्हणजे सिंध्यांचं नवं वर्ष, असतं आणि दरवर्षी त्यांच्याकडचा गोड भात, ती ताहिरी, खायला मी जाते. यंदा, तू यादी घेऊन विचारण्याच्या आधीच, शेठाणी मला आत घेऊन गेल्या आणि रडायलाच लागल्या. दोघे भाऊ वेगळे झाले. पापडाचा धंदा शेठकडे आला, पण जुनी फर्म आणि जुना जीएसटी नंबर धाकट्याकडे गेला. बापाच्या नावाची पाटी मात्र दोघांनी ठेवली. निघताना शेठनी नवा नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. "उमा, पहली तारीख से इसी पे बनाना. उसके नाम का कागज मेरे यहाँ नहीं आना चाहिए." इतकी वर्षं ते मलाच सांगत आले, म्हणून यंदाही मलाच सांगितलं.

काल तू जुना नंबर टाकलास, नाव बरोबर तेच आलं, तुला शंका यावी कुठून? मी मागे उभी राहून बघत होते, चैत्राली. हे 'झकास' म्हणाले तेव्हा मला माहीत होतं. माल शेठकडे भावाच्या नावावर पोचणार, शेठ भडकणार, ऑर्डर जाणार आणि मग सगळे म्हणणार, उमावहिनीने बिल केलं असतं तर असं झालं नसतं. ते एक वाक्य ऐकायला मी घरच्या भाकरीवर पाय द्यायला निघाले होते.

आज सकाळी टेबलावर तेच बिल होतं आणि त्याला तुझी चिठ्ठी टाचलेली. "ताई, टेम्पो निघायच्या आधी एकदा नजर टाकाल? तुम्ही बघितलं की मला धीर येतो." दोन तास मी त्या चिठ्ठीसमोर बसून होते. चोवीस तासांत बिल रद्द करता येतं, हे तूच सांगितलं होतंस. काल पाचला झालंय, तेव्हा आज पाचच्या आत रद्द कर. सदूला मी थांबवलंय. माझी डायरी पत्राखाली आहे, शेठची चिठ्ठी पाडव्याच्या पानात. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही म्हणालीस, म्हणजे यंदाचं पहिलं बिल माझ्यामुळे गेलं. ह्यांना काय सांगायचं ते तू ठरव, मी नाही म्हणणार नाही. फक्त दुसरं बिल करशील तेव्हा मला हाक मार. हात कोरडे आहेत माझे.

आज लिहायला तोंड नाही, तरी तुझीच,
उमाताई