ऐंशी सेंटीमीटरचे दार

मी, सापारअली जुमाबाय उलू, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी कारखान्यात यंत्रकारागीर, गल्लीत 'उस्ता', म्हणजे उस्ताद, सध्या अंथरुणात, राहणार तोकमोक, कालव्यालगतची गल्ली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाहीत. बारा वर्षांपूर्वी त्यांना कंप सुरू झाला आणि आता चहाची वाटी ओठांपर्यंत येईस्तोवर अर्धी अंगावर सांडते. म्हणून हा मजकूर मी सांगतो आहे आणि शेजारच्या कासियत एजे लिहीत आहेत. एजे माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, साऱ्या गल्लीच्या थोरल्या ताई, आणि जन्मभर मास्तरीण. त्यामुळे मी सांगेन ते मुकाट्याने लिहितील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून लिहिलेले प्रत्येक वाक्य त्या मोठ्याने वाचून दाखवतात. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. नशापाणी नाही, ते डॉक्टरने आधीच बंद केले आहे. नोटरीबाई शुक्रवारी घरी येणार आहेत, त्यांनी हे वाचून शिक्का मारावा.

कलम १. राहते घर, अंगण, जर्दाळूची दोन झाडे आणि घराला लागून असलेली कार्यशाळा हे सर्व माझा धाकटा मुलगा उलारबेक याला द्यावे. घर धाकट्याचे, ही रीत माझ्या वडिलांनी पाळली, मीही पाळतो. उलारबेक रशियात कझानला एका गोदामात कामाला आहे. दर रविवारी फोन करतो. "बाबा, जेवलात ना? बरे आहात ना? चला, ठेवतो," असे तिन्ही एका दमात म्हणतो. मी जेवलो की नाही हे त्याला आजवर कळलेले नाही. तरी घर त्याचेच.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाते, म्हणून तिला घरात वाटा नसतो. माझी मुलगी पेरिझात, वय एक्केचाळीस, कोणाच्याही घरी गेलेली नाही. ती का गेली नाही ते कलम चारमध्ये येईल. कासियत एजेंनी आत्ताच चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आहे.

कलम २. हत्यारे. माझा मापे घ्यायचा व्हर्निअर, लाकडी पेटीतला, पेरिझातला. पान्यांचा संच, वेल्डिंगचे यंत्र आणि भिंतीवरची सगळी हत्यारे तिलाच. ग्राइंडर मात्र सध्या समोरच्या तुरातबेककडे आहे. त्याने तो सात वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला. त्याच्याकडून तो मागून घ्यावा आणि मागताना गल्लीतले चार लोक हजर ठेवावेत. तुरातबेक या मृत्युपत्राला साक्षीदार आहे, म्हणजे त्याला हे वाचावेच लागेल.

कलम ३. माझी दिवंगत बायको बुरुल हिचे चांदीचे डूल आणि शिवणाचे यंत्र पेरिझातला. बँकेत जे असेल ते माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला वापरावे. घोडा कापू नये, मेंढी पुरे. मी जेवायला नसणार.

कलम ४. यंत्र.

कार्यशाळेत उभे असलेले, संगणकाच्या हुकमाने लाकूड कापण्याचे सीएनसी राउटर यंत्र, टेबलाचे माप दीड मीटर बाय तीन मीटर, म्हणजे प्लायवूडचा अख्खा ताव त्यावर मावतो, हे पेरिझातचे आहे. ते मी तिला देत नाही, कारण ते माझे नव्हतेच. त्याचा नकाशा तिने संगणकावर काढला, तारा तिने जोडल्या. मी भंगारात गेलेल्या जुन्या यंत्राचे रूळ घासूनपुसून आणले, सांगाडा उभा केला, आणि गल्लीत मिरवले.

बुरुल गेली, मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा हे हौस म्हणून सुरू झाले. तुरातबेक फाटकातून डोकावून म्हणायचा, "उस्ता, लोक म्हातारपणी मासे धरतात. तुम्ही काय धरलंय?" मी म्हणायचो, "सरळ रेषा धरलीय. तुला दिसायची नाही." तेव्हा रेषा सरळ यायची. पहिल्यांदा व्हर्निअर धरताना माझा अंगठा थरथरला तो याच यंत्राच्या टेबलापाशी. मी हात खिशात घातला आणि पेरिझातला म्हणालो, "तूच वाच गं, चष्मा विसरलो." चष्मा माझ्या नाकावर होता. तिने माझ्या नाकाकडे पाहिले आणि आकडा वाचला.

त्याच उन्हाळ्यात काराकोलहून मेलिस आला. सुतार, शांत माणूस, सफरचंदांची पेटी घेऊन आला आणि ती कोणाला द्यावी हे न कळून अर्धा तास हातात धरून उभा राहिला. मला तो आवडला. न आवडण्यासारखे काही सापडले असते तर बरे झाले असते. त्याचे आणि पेरिझातचे लग्न ठरल्यासारखेच होते. लेकीबरोबर गोधड्या आणि पेट्या पाठवायच्या, त्याला आमच्यात सेप म्हणतात. पेरिझात म्हणाली, "मला गोधड्या नकोत, बाबा. हे यंत्रच माझा सेप. मी आणि मेलिस त्यावर दारं, पाळणे बनवू." मेलिस नकाशा बघून म्हणाला, "उस्ता, पाय बोल्टवर आहेत हे छान. चार तासांत सुटं होईल, ट्रकमध्ये घालून घेऊन जाऊ."

नकाशात पाय बोल्टवरच होते. मी ते वेल्डिंगने जोडले.

कार्यशाळेचे दार ऐंशी सेंटीमीटर रुंद आहे. पायांसकट सांगाडा पंचाण्णव सेंटीमीटर उंच, आणि रुंदीला दोन मीटर. उभा करा, आडवा करा, कुशीवर वळवा, तो त्या दारातून जात नाही. पाय कापले तर चौकट वाकते, रूळ सरळ राहत नाहीत, मग ते यंत्र राहत नाही. सगळी गल्ली बघायला आली. तुरातबेक पोट धरून हसला. "उस्ता! चाळीस वर्षं मिलिमीटर मोजलेत आणि दार मोजायला विसरलात?" मीही हसलो. विसरलो म्हणालो. म्हातारपण म्हणालो. मेलिस म्हणाला, "मग भिंत फोडू." मी म्हणालो, "फोडता येणार नाही, छपराचे आढे त्या भिंतीवर आहे." मी उस्ता, म्हणून सगळ्यांनी मानले.

आता शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांच्या सहीने, लिहून देतो. मी दार विसरलो नव्हतो. वेल्डिंगच्या आदल्या दिवशी मी ते तीनदा मोजले. आणि छपराचे आढे त्या भिंतीवर नाही. ते कोपऱ्यातल्या दोन खांबांवर आहे. त्यांच्यामधली भिंत नुसती कच्च्या विटांची आहे, पहार घेतली तर अर्ध्या दिवसात खाली येईल.

बुरुल गेली होती. उलारबेक रशियाची गाडी पकडायच्या गोष्टी करत होता. माझा हात थरथरत होता आणि हे फक्त तिला माहीत होते. मला भीती वाटली. याहून मोठे कारण मी पुष्कळ शोधले, ते मिळाले नाही. मेलिसने दोन वर्षे वाट पाहिली, मग लग्न केले. त्याला तीन मुले आहेत. पेरिझात लोकांसाठी पाळणे कापते आणि मला चमच्याने भरवते. मागच्या वर्षी बिश्केकच्या दोन बायकांनी तिला भागीदारीत बोलावले, त्यांच्याकडे मोठी शेडही होती. ती म्हणाली, "यंत्र दारातून निघत नाही." मी पलंगावर पडून ऐकत होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो.

कासियत एजे इथे थांबल्या. "सापारअली, हे मृत्युपत्रात बसत नाही," म्हणाल्या. मी म्हणालो, "बसवा." त्यांनी लिहिले आणि सवयीप्रमाणे अख्खे कलम खणखणीत आवाजात वाचले. आम्ही कार्यशाळेत, माझ्या पलंगापाशी होतो; पेरिझातला मी मांती, म्हणजे खिम्याचे मोदक, उकडायला घरात पाठवले होते. ती परत आली होती. कार्यशाळेच्या दारात, त्याच दारात, ताट घेऊन उभी होती.

पुढचे एजेंनी लिहायचे नाही म्हटले. मी म्हणालो, जे बोलले जाईल ते लिहा.

"पाय जोडताना समोरून मीच धरले होते, बाबा," पेरिझात म्हणाली. "तुम्हाला एकट्याला ते झालं असतं का? आणि दाराचं माप माझ्याच नकाशात होतं."

"आणि आढं?"

"छप्पर गळत होतं तेव्हा वर कोण चढलं होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." तिने ताट टेबलावर ठेवले. "मेलिसला दोन वर्षं सांगत होते, बाबा भिंतीचं बघतायत. मला वाटायचं, एक दिवस सकाळी उठून म्हणाल, चल गं, भिंत फोडू. मी पहारसुद्धा आणून ठेवली होती. ती काय, दाराच्या मागे आहे."

ती खरोखरच तिथे आहे. मी तिला अकरा वर्षे बघतो आहे. मला वाटायचे, ती बर्फ फोडायला आहे.

मी म्हणालो, "आज फोड. आत्ता. तुरातबेकला हाक मार."

तिने शेगडीकडे पाहिले, मग माझ्या पलंगाकडे. दिवसभर काम करताना माझ्यावर लक्ष राहावे म्हणून तिनेच तो इथे हलवला आहे, त्या भिंतीला लागून. "बाहेर उणे अठरा आहे," ती म्हणाली. "भिंत पाडली तर तुम्हाला ठेवू कुठे? घरात ठेवलं तर काम सोडून तिथे बसू? मार्चात बघू." मग तिने माझी हनुवटी पुसली. "तोंड उघडा. मांती गार होतायत."

मी तोंड उघडले. दुसरे काय करणार होतो? कासियत एजेंनी खिडकीकडे तोंड फिरवले आणि बराच वेळ चष्मा पुसला.

डॉक्टर मार्चबद्दल बोलत नाहीत. म्हणून शेवटचे कलम.

कलम ५. मी मेल्यावर रीतीप्रमाणे मला अंगणात युर्त, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारून तिथे ठेवाल. माझा पलंग रिकामा झालेला असेल, तेव्हा थंडीची सबब कोणी सांगू नये. गावोगावचे नातेवाईक येतील, पुरुष युर्तबाहेर रांगेने उभे राहून मोठ्याने रडतील. चाळीस-पन्नास तरी असतील. माझ्यासाठी रडायला एवढी माणसे लागत नाहीत. त्यातल्या वीस धडधाकट माणसांना कार्यशाळेत बोलवावे. पहिला घाव उलारबेकने घालावा, घर त्याचे आहे. भिंत पाडावी. यंत्र उचलताना खालच्या चौकटीला धरावे, वरच्या सरकत्या पुलाला हात लावू नये, तो हलला तर पुन्हा सरळ करायला महिना जातो. ट्रक आधीच फाटकाशी लावून ठेवावा. तो बिश्केकला जाईल की आणखी कुठे, हे पेरिझातने सांगावे, आणि तिला कोणी काही विचारू नये.

आधी यंत्र फाटकाबाहेर जाईल. तोवर मला उचलू नये. अकरा वर्षे तिने वाट पाहिली, तासभर मी पाहीन.

सही: सापारअली जुमाबाय उलू
(पेन कागदावर चार ठिकाणी टेकले आहे. ती मिळून एकच सही समजावी. पेरिझात हात धरायला आली होती, मी धरू दिला नाही.)

लिहिणार व साक्षीदार: कासियत मोल्दोबाएवा, सेवानिवृत्त शिक्षिका

साक्षीदार: तुरातबेक ओस्मोनालिएव, शेजारी. सही करण्यापूर्वी सर्व वाचले. ग्राइंडर आजच आणून ठेवला आहे. दाराबद्दल हसलो होतो, ते परत घेतो.

ठिकाण: तोकमोक, कार्यशाळेत
दिनांक: १७ जानेवारी २०२३