न धुतलेली फळी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भावजी बरे असाल. इकडे सगळं ठीक. गाई दूध बरं देताहेत, ह्यांची पाठ तेवढी धरली आहे.

ठीक कसलं, कपाळ माझं. ताई, चीज मुरायच्या खोलीतली आपली बुरशी मेली. मीच मारली.

आईचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, घरात कुठे बुरशी असेल तर काढा. चीजवाल्यांच्या घरात हे सांगतात. एरवी मी हसले असते. पण आई ढासून ढासून वाकडी होत होती आणि माझी अक्कल गहाण पडली होती. ब्लीच आणलं, लाकडी फळ्या एकूण एक घासल्या. हात सोलवटले. खोली दवाखान्यासारखी लख्ख झाली तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

आता नवे गोळे फळीवर नुसते टकले पडून राहतात, मग चिकट होतात, काळे पडतात. बाजारातून बुरशीची पूड आणून शिंपडली. वर पांढरा थर छान धरतो, पण खायला खडू. आजीच्या वेळेपासून त्या लाकडात काय काय जिवाणू मुरले होते, ते पुडीत कुठून येणार?

आई अंथरुणातून विचारते, "लव धरली का गं?" मी सांगते, "धरली की."

तू भांडून गेलीस तेव्हा एक फळी उचलून नेलीस. आईनं तुला चोर म्हटलं, पुन्हा उंबरा चढू नकोस म्हणाली. आपली बुरशी आता असली तर त्याच फळीत जिवंत असेल, तीच मागायला मी आज लिहायला बसले.

पण नुसतं फळीचंच नाही. काल आईनं हट्ट धरला, तुकडा आण. मी पुडीचं चीज नेलं. तिनं वास घेतला आणि ताटली बाजूला सारली. ओरडली असती तर परवडलं असतं. भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "थोरलीनं फळी नेली ते बरं झालं."

डॉक्टर आता बुरशीचं नाव काढत नाहीत. औषधही बदलत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. हेच लिहायचं मी इतका वेळ टाळत होते.

तू ये. फळी आण, आणि तूही धुतली असशील तर आईला सांगू नकोस, तशीच ये. ती सारखी दाराकडे बघत असते. मी आत गेले की मान फिरवते.

निदान तुझी तरी,
धाकटी