घोरे आणि गोटूबेड

मस्कत, ३ नोव्हेंबर २०२४
ती. ताईस, शि.सा.न.

फोन कापलास, म्हणून लिहितोय. पत्र मधेच कापता येत नाही. पुन्हा सांगतो, मला आडनाव बदलायचंय आणि त्याला अण्णांच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स लागते. ह्यात घराण्याचं नाक कापण्यासारखं काय आहे? घोरे! हजेरीला मास्तर विचारायचे, घोरे आलाय की घोरतोय. म्हणून तर आठवीत शाळा सोडली. (बाकी कारणं होती, पण हे पहिलं.) माथेरानच्या हॉटेलात तेच, इथल्या हॉटेलातही मुकादम मराठी निघाला, तेच.

आणि शिळफाट्याला नम्रताला बघायला गेलो, तेव्हा तू शेजारीच होतीस. मी पूर्ण नाव सांगितलं आणि तिनं ओढणी तोंडाला लावली. विचार करून सांगते म्हणाली, त्याला दोन महिने झाले. कोण पोरगी सौ. घोरे व्हायला तयार होईल गं? मी कडावकर लावणार. भारदस्त वाटतं. अण्णांना विचारू नकोस, पेटीतून काढ.

लोभ आहेच तुझा, सोबत झेरॉक्सही असू दे.
तुझा, प्रवीण (सध्या) घोरे

कडाव, २२ नोव्हेंबर
चि. प्रवीणला अ.उ.आ.

पत्र अण्णांनीच फोडलं. पोस्टमन त्यांच्याच हातात देतो, हे तुला कळू नये? दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी थांबले नाहीत. म्हणाले, कडावकर तर आपली म्हैस पण हाय, तिला दाखला लागला नाय. मग आडनावाची गोष्ट. आपला कोणी खापरपणजोबा भाताच्या खळ्यावर राखणीला झोपायचा आणि असा घोरायचा की चोरांना वाटायचं वाघ बसलाय. आजूबाजूची खळी लुटली, आपला दाणा हलला नाही. लोकांनी मानानं घोरे म्हटलं. मी विचारलं, राखणदारच झोपला, ह्यात मान कसला? तर ताटावरून उठले.

नागूकाकांनी घोरपडे करून घेतलं, तेव्हापासून ह्या आडनावाचं आपलं एकच घर उरलंय, हे मात्र हळू आवाजात म्हणाले. दाखला आता उशीखाली घेऊन झोपतात. मी काय करू रं? नम्रताला गाठते, तेवढं माझ्या हातात आहे.

तब्येतीला जप, डोकं गार ठेव.
तुझी, हर्षलाताई

मस्कत, १० डिसेंबर
ती. ताईस, शि.सा.न.

नोकरी जाता जाता राहिली. सलग दोन पाळ्या केल्या होत्या. मुकादमानं हातात चिठ्ठी कोंबली: ४१२, गोटूबेड. एवढं इंग्रजी मला येतं. जा, झोप. वाटलं, माणसाला दया आली, रिकामी खोली दिली. गेलो, बूट काढले, झोपलो.

अगं, ते पाहुण्याचं आडनाव होतं! चादरी बदलायच्या होत्या. इंग्लंडचा म्हातारा, मिस्टर गोटूबेड, आत आंघोळ करत होता. आवाज ऐकून त्याला वाटलं एसी बिघडला. बाहेर आला तर पलंगावर मी. माझ्या छातीवरची पट्टी वाचून त्यानं विचारलं, घोरे म्हणजे काय. मी घोरून दाखवलं. हसता हसता खुर्चीत बसला. मुकादम धावत आला, तर त्याला म्हणाला, पोरगा माझं नाव वाचून झोपला, चूक नावाची.

थंडी संपेपर्यंत त्याचा मुक्काम इथंच, आता रोज चहाला बोलावतो. हे आडनाव त्यांच्याकडंही फार थोड्यांचं. पुस्तकवाले म्हणे सांगतात, जुन्या काळी गोडेबर्ड असं माणसाचं नाव असायचं, लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलं. म्हाताऱ्याला ते पटत नाही. त्याचा पूर्वज दिवेलागणीलाच आडवा व्हायचा, बास. शाळेत त्यालाही पोरांनी छळ छळ छळलं. माझ्या वयाचा असताना बदलायचा फॉर्मही आणला होता. आता भाऊ नाही, मुलगा नाही. आमच्या घरातलं हे नाव माझ्यापाशी संपणार, म्हणाला. तेव्हा हसला नाही.

पण त्याचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली गं, माझं व्हायचंय. उशीचा अभ्रा धुवायच्या निमित्तानं दाखला काढ.

तुझ्या चलाखीवर भरवसा ठेवून बसलेला,
प्रवीण

कडाव, २ जानेवारी २०२५
चि. प्रवीणला अ.उ.आ.

शिळफाट्याच्या मेडिकलमध्ये नम्रताला गाठलं. आडनावाचं काढलं तर ती माझ्याकडेच बघत राहिली. आधार, पॅन, फार्मसीचं सर्टिफिकेट, सगळ्यावर तिचं माहेरचं नाव. ते ती कुणासाठी बदलणार नाही. तू घोरे राहा नाहीतर राजे हो.

तिचं अडलंय वेगळ्याच जागी. तिचे वडील घोरतात. एका खोलीच्या घरात चोवीस वर्षं पोरगी कानात कापूस घालून झोपली. तुझं नाव ऐकलं आणि तिला धास्तीनं हसू फुटलं. तिला एवढंच कळायला हवंय, तू घोरतोस का? बाकी तू पसंत आहेस. हे सांगताना तिनं एका गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे दोनदा परत दिले.

अण्णा म्हणतात, नाय म्हणून कळव. मी म्हणते, खरं ते लिही. भिंतीपलीकडं मी झोपत होते, विसरू नकोस.

उत्तराकडं डोळे, तुझ्यावर जीव.
ताई

मस्कत, १८ जानेवारी
ती. ताईस, शि.सा.न.

दाखला राहू दे. अण्णांना म्हणावं, सुखानं झोपा.

तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. खोलीतल्या पोरांनी घाबरून विचारलं, बरा आहेस ना, आवाज का येत नाही. शेवटी गोटूबेडसाहेबाला विचारलं, काय लिहू. म्हणाला, तुझ्या छातीवरच लिहिलंय, लपवणार कुठं?

तर नम्रताला सांग: घोरतो. उताणा जास्त, कुशीवर कमी. सध्या पाठीला चेंडू बांधून कुशीवर झोपायला शिकतोय. तिच्या दुकानात ह्यावर काही औषध असलं तर तिनंच सुचवावं. कापूस मी आणीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, प्रवीण घोरे

ता.क. आडनाव बदलायला बाजूला काढलेले पैसे पाठवतोय. हो म्हणाली तर साखरपुड्याला, नाही म्हणाली तर माझ्या नाकाच्या ऑपरेशनला. अठरा हजार रुपये.