पहिली सुई टोचून घेतलेला मुलगा

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तू जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. काल दवाखान्यात शेळगावची एक बाई आली होती. कुत्रं चावलेल्या पोराला कडेवर घेऊन ती दारातच उभी होती. मी तिच्या पोराला सुई दिली आणि घरी येऊन वही उघडली.

मी नऊ वर्षांची होते. श्रावण होता, आपण मळ्यात दोडकी तोडत होतो आणि ते तांबडं कुत्रं बांधावरून सरळ आत आलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. आधी ते म्हशीच्या रेडकाला चावलं, मग माझ्या पोटरीला. तू खुरपं फेकून त्याला हाकललंस, मला उचललंस आणि पाटाच्या वाहत्या पाण्यात माझा पाय धरून बसलीस. किती वेळ, ते आठवत नाही. पाय बधिर झाला तरी तू सोडेनास. मी रडत होते.

घरी ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी जखम पाहिली आणि सांगितलं, हिला सात विहिरी दाखवून आणा, विष उतरतं. आमच्या वेळी असंच करायचे. शेजारपाजारच्यांनी माना डोलावल्या. तू आजवर सासऱ्यांसमोर कधी आवाज काढला नव्हतास. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि दारात उभी राहून म्हणालीस, "आबा, माज्या भावानं सात विहिरी बघितल्या व्हत्या. आठवी त्याला बघवली न्हाय. पाण्याचा तांब्या पुढं केला तरी किंचाळायचा. मी पोरीला पुण्याला नेणार हाय."

पुण्याला मोठ्या दवाखान्यात यावर सुया देतात, एवढंच तुला ठाऊक होतं, तेही कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडून ऐकलेलं. माझे तात्या आपल्या वडिलांकडे न बघता उठून गोठ्यात गेले आणि थोड्या वेळानं बैल गाडीला जुंपल्याचा आवाज आला. तात्यांनी आपल्याला बारामतीपर्यंत पोचवलं. तिथून आपण दोघी छोट्या आगगाडीनं दौंडला आणि दौंडहून मोठ्या गाडीनं पुण्याला गेलो. तू बारामतीच्या बाजारापलीकडे कधी गेली नव्हतीस. तरी स्टेशनात उतरल्यावर तू कुणाला तरी वाट विचारलीस ती अशा सुरात, की तो माणूस अर्ध्या रस्त्यापर्यंत आपल्याबरोबर आला.

चौदा दिवस, रोज एक सुई, तीही पोटात. दोन दिवस मी सोसलं. तिसऱ्या दिवशी मी खाटेखाली शिरले आणि लोखंडी पाय धरून बसले. तू मला ओढलंस, पाठीत एक धपाटा घातलास. तू मला मारलंस ते तेवढंच. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तुला थांबवलं, स्वतः खाली फरशीवर बसले आणि मला गोष्ट सांगितली. म्हणाले, यंदा या सुईला पन्नास वर्षं पुरी झाली. पहिल्यांदा ज्याला टोचली तो तुझ्याएवढाच होता, नऊ वर्षांचा. दूर फ्रान्समध्ये. त्यालाही असंच कुत्रं चावलं होतं आणि त्याच्या आईनं त्याला आगगाडीत घालून राजधानीला आणलं होतं.

मी ऐकत होते, पण प्रश्न तू विचारलास. जगला का? डॉक्टर म्हणाले, जगला, अजून आहे, ज्या संस्थेत ही लस करतात तिथंच दारावर राखणीला असतो. मग तू म्हणालीस, "म्हंजे त्या बाईला म्हाईत नव्हतं, लागू पडंल का न्हाय ते?"

"कुणालाच माहीत नव्हतं, बाई. ज्यांनी टोचायला लावली त्यांनासुद्धा."

तू खाली वाकलीस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ऊठ. आपल्याला म्हाईत हाय."

मी उठले. उरलेल्या सुया मी उभ्यानं घेतल्या, असं तू गावभर सांगायचीस. त्यात थोडी भर होती. रडले मी रोज, पण लपले मात्र पुन्हा नाही.

आपण परत आलो तेव्हा गोठ्यातली रेडकाची जागा मोकळी होती. ते पिसाळून मेलं होतं. आबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या पोटावरचे काळेनिळे डाग बघितले आणि उठून बाहेर गेले. दोन वर्षांनी भावकीतल्या एकाला कुत्रं चावलं, तेव्हा गाडी जुंपायला सांगणारे आबाच होते.

त्यानंतर दर श्रावणात एक दिवस तू शेवयांची खीर करायचीस. ना सण, ना उपास. पहिल्या वर्षी आबांनी विचारलं, आज काय आहे? तू चुलीपुढून म्हणालीस, त्या पोराच्या आईचं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वाटी तिच्यासाठी देवापुढे ठेवायचीस आणि मग ती मला द्यायचीस. मी सातवी पास झाले, पुढे नर्सिंगला जायचं म्हणाले, घरात वाद झाला. तू एवढंच म्हणालीस, पुण्याची वाट मला म्हाईत हाय, मी सोडून येती.

मी इंदापूरच्या दवाखान्यात लागल्यावर तू दर श्रावणात त्या पोराचं विचारायचीस, "तो बरा हाय न्हवं? आता म्हातारा झाला असंल." मी म्हणायचे, हो, बरा आहे. तुला वाटायचं, सुया देणाऱ्यांना त्याची खबर असणारच. मग तू समाधानानं खीर ढवळायचीस.

आई, शिकत असतानाच मी एका पुस्तकात वाचलं होतं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं सैन्य त्याच्या शहरात शिरलं, त्याच दिवसांत तो गेला. आपण पुण्याहून परत आल्याला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. तू पहिल्यांदा विचारलंस, तेव्हाच मला हे ठाऊक होतं. शेवटच्या श्रावणात तू अंथरुणावरून विचारलंस, तेव्हाही मी म्हणाले, बरा आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले, वर्षानुवर्षं. आणि आज पुन्हा विचारलंस, तरी तेच सांगेन.